अक्काला ऐकू येणारी गिरणी

नसीमआपांचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या भाजीबाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "भाईसाब, जरा जल्दी आव. बाई दरवाजा नै खोल रै... रेडिओ चालू है अंदर." उस्मानपुऱ्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या नसीमआपा उगाच घाबरणाऱ्यांतल्या नाहीत. पण रेडिओ चालू आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली आला. मेथी तिथंच टाकून मी निघालो. अक्काच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. इतक्या वर्षांत ती कधी वापरावी लागली नव्हती. जिना चढतानाच रेडिओ ऐकू आला. कुणी बाई शांतपणे हवामान सांगत होती, उद्या आकाश निरभ्र राहील वगैरे. दार उघडलं, तर अक्का पलंगावर पालथी, तोंड उशीत... अंग केव्हाच गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच मोठी फिट आली असावी, त्यांना काही कळलंही नसेल. असं होऊ शकतं, हे आम्हाला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही. दिवसभर माणसं आली, रडली, नसीमआपांकडून चहा आला, आणि त्या सगळ्यात रेडिओ चालूच राहिला. तो बंद करायला कुणाचा हात धजला नाही. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हाही तो रिकाम्या खोलीशी बोलत होता.

त्या रेडिओचं आधी सांगायला हवं. अक्काला एकोणिसाव्या वर्षापासून फिट यायच्या. लोक मिरगी म्हणत, फेफरं म्हणत. आमच्या घरात त्याला नावच नव्हतं, नुसतं 'अक्काचं ते' म्हणायचो. फिट येण्याआधी तिला एक आवाज यायचा... पिठाची गिरणी चालू झाल्याचा. कुठून तरी लांबून घर्र करत यायची आणि बाकीचे सगळे आवाज खाऊन टाकायची. आता शहरात घरघरणाऱ्या वस्तू काय कमी असतात? मिक्सर, पाण्याची मोटर, खालून जाणाऱ्या रिक्षा. त्यातला बाहेरचा आवाज कुठला आणि आतला कुठला, हे ओळखायचं कसं? त्यावर तिनं स्वतःच उपाय काढला होता. रेडिओ अगदी बारीक आवाजात सतत चालू ठेवायचा, झोपतानाही उशाशी. बाहेर मोटर लागली तर तिच्याखालून रेडिओ ऐकू येत राहतो. गिरणी लागली की रेडिओ जातो. रेडिओ गेला की अक्का शेगडीचं बटण बंद करायची, चष्मा काढून कोनाड्यात ठेवायची आणि जमिनीवर चटई टाकून कुशीवर पडायची. इतकं सगळं ती अर्ध्या मिनिटात करायची. एका शाळेच्या कार्यालयात ती लिपिक होती, तिथंही टेबलाच्या खणात छोटा ट्रान्झिस्टर असायचा. एका मुख्याध्यापकांनी हरकत घेतली तेव्हा म्हणाली, "सर, तुम्ही चष्मा काढून ठेवा, मी रेडिओ काढून ठेवते." सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

गिरणी कुठली, ते मला पक्कं ठाऊक होतं. लासूर स्टेशनला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत आमच्या वडिलांची, अण्णांची, पत्र्याच्या शेडमधली गिरणी होती. बाजाराच्या दिवशी डब्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. दळायच्या दगडाला टाकी लावायला, खाचा पाडायला अण्णा दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवया, पापण्या सगळं पांढरं, आणि मधे दोन डोळे. त्या गिरणीचा पट्टा एकदा तुटला होता, तो अण्णांनी चामड्याच्या वादीनं शिवून घेतला होता. शिवणीची गाठ चाकावरून गेली की टप् वाजायचं. घर्र... टप्... घर्र... टप्. लोक चेष्टा करायचे, नवा पट्टा आणा की राव. अण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. त्या आवाजावरूनच मला कळतं गिरणी नीट हाय का नाय ते." पण सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती गिरणी बंद असतानाही अण्णांना ऐकू यायची. जेवता जेवता मान वर करून विचारायचे, "गिरणी कुणी लावली रं?" आई म्हणायची, "अवो, कुलूप हाय तिला." अण्णांचा घास हातातच थांबायचा. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. कुलपाआड खरंच कुणीतरी दळत असणार, अशी माझी खात्री होती. एका दुपारी मी बंद शेडच्या पत्र्याला कान लावून बघितला. आत काहीच नव्हतं, तरी मी घरापर्यंत पळत सुटलो.

आवाज आला की थोड्या वेळानं अण्णा पडायचे. हातपाय झाडायचे, तोंडाला फेस यायचा, आणि गल्लीतला जो तो हाताला लागेल ती चप्पल घेऊन त्यांच्या नाकाकडे धावायचा. शेवटी औरंगाबादला, तेव्हा ते औरंगाबादच होतं, एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळी दिली आणि बजावलं, एक दिवसही चुकवायची नाही. पंधरा दिवस अण्णांना गिरणी ऐकू आली नाही. आई सगळ्यांना सांगत सुटली होती. मग त्यांना ताप भरला. डोळे लालभडक, तोंडात फोड, अंगावर लाल चट्टे आणि चट्ट्यांवरून सुटत चाललेली कातडी. म्हाताऱ्या बायका दारातूनच म्हणाल्या, देवी आली. झालं, गिरणी बंद, घरात फोडणी बंद, डॉक्टरचं नाव काढायचं नाही, दाराला कडुलिंबाचे डहाळे. देवी अंगात असताना औषध केलं तर ती चिडते, असं सगळेच मानायचे. तेरा वर्षांची अक्का अण्णांच्या उशाशी वाटी-चमचा घेऊन बसलेली असायची. मी दारातून बघायचो. मला वाटायचं, ती त्यांना ताक पाजतेय. आठवड्याभरात अण्णा गेले.

सहा वर्षांनी अक्काला गिरणी ऐकू आली. मागच्या अंगणात धुणं धूत होती. तिनं आईला फक्त एवढंच विचारलं, "गिरणी विकली ना गं आपण?" आणि पडली. आईनं हंबरडा फोडला तो आवाज माझ्या कानात अजून आहे. तिलाही डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी गोळी लिहून दिली, आणि औषधाच्या दुकानातून अक्का तशीच परत डॉक्टरांकडं गेली. ही नको म्हणाली. का नको, ते सांगेना. डॉक्टर रागावले, मग दुसरी दिली. त्या दुसरीनं फिट निम्म्यावर आल्या, पण पुऱ्या कधी थांबल्या नाहीत. नंतर गोळ्या बदलल्या, शहर बदललं, डॉक्टर बदलले. ती पहिली गोळी मात्र अक्कानं कधीच घेतली नाही. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे. बघायला आलेल्या मंडळींना चहाचा कप हातात देतानाच ती सांगून टाकायची, "मला फिट येतात, साखर बरोबर आहे ना?" आई कपाळाला हात लावायची. अशी तीन-चार स्थळं आली आणि गेली, मग आईनं नाद सोडला.

माझ्या लग्नात मात्र अक्कानं तोंड उघडू नये, अशी आईनं व्यवस्था केली. सुनीताच्या माहेरच्यांनी विचारलं होतं, घरात काही आजार वगैरे? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, काही नाही. लग्नाच्या दिवशी अक्काला मंडपामागच्या खोलीत बसवलं, रुखवतावर लक्ष ठेवायला म्हणून. ती बसली. रेडिओ सोबत घेऊन बसली. नंतर सुनीताला सगळं कळलं आणि ती माझ्याशी महिनाभर जेमतेम बोलली, पण अक्काशी तिचं गूळपीठ जमलं ते कायमचं. मला त्या खोलीची आठवण आजही खाते. अक्कानं मला एकदाही त्यावरून टोमणा मारला नाही, आणि हे जास्त वाईट.

मी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली. बेअरिंग गेलंय की नाही, हे बघायची आमची जुनी रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. आतलं सगळं कानात येतं. या विद्येचा मला फार गर्व. त्यामुळं अक्काच्या गिरणीवर मी कायम डाफरायचो. "अगं, आवाज म्हणजे काहीतरी हललं पाहिजे, काहीतरी घासलं पाहिजे. काही नसताना आवाज कसा येईल?" ती म्हणायची, "तू तुझा पेचकस माझ्या डोक्याला लावून बघ की एकदा." आणि हसायची. एका दुपारी तिच्याकडं पोहे खात बसलो होतो. बोलता बोलता ती थांबली, माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "दिन्या, रेडिओ गेला बघ." माझ्या कानाशी रेडिओवर लख्ख गाणं चालू होतं. मी म्हणालो, "चालू आहे की." ती चष्मा काढत होती. "तुझ्याकडं चालू हाय," ती म्हणाली. ती चटईवर कुशीवर पडली आणि फिट आली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिली चौकशी माझ्या चपलेची केली. नाकाला लावली असती तर हाकलून देणार होती. "कुणाचं काय तुडवून आलेलं असतं. हुंगवायचीच असंल तर माझी धुतलेली ठेवलीय तिकडं."

पूर्वाचं झालं ते एका रविवारी. पूर्वा ही आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बजाजनगरात जन्मली, बजाजनगरात वाढली. आमच्याकडं पीठ पाकिटातून येतं. पट्ट्यावर चालणारी गिरणी तिनं आयुष्यात बघितलेली नाही, आणि अण्णांच्या गिरणीबद्दल मी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तर मागोमाग बाकीचंही सांगावं लागलं असतं. वरण-भात चालला होता. पूर्वानं मान वर केली. "बाबा, हे काय चालू झालंय?" मी खिडकीत जाऊन बघितलं. रविवार, आजूबाजूचे कारखाने बंद, रस्ता मोकळा. काही नाही म्हणालो. "असं कसं? केवढं घरघरतंय! आणि मधेच काहीतरी आपटतंय, टप् टप्. काहीतरी शिवलेलं गोल फिरतंय आणि त्याची गाठ लागतेय, तसं..." तिचा घास हातात तसाच थांबलेला होता. मी आजवर बऱ्याच मशिनांत हात घातलेत, पण इतका घाबरलो नव्हतो. सुनीता ओरडली तेव्हा मला भान आलं, तोवर पूर्वा खुर्चीवरून घसरली होती.

मेंदूच्या डॉक्टर भल्या बाई होत्या. फोटो काढले, आलेख काढला, गोळी लिहून दिली. घरात असं आणखी कुणाला आहे का, या प्रश्नाला मी म्हणालो, एका आत्याला आहे, थोडंसं. थोडंसं! त्या दिवशी दुपारी अक्का रिक्षानं बजाजनगरला आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "गोळी दाखव." मी पाकीट दिलं. अजून फोडलेलं नव्हतं, पहिली गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची होती. अक्कानं नाव वाचलं. मग पर्समधून एक पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद काढून टेबलावर पाकिटाशेजारी ठेवला. अण्णांची चिठ्ठी होती ती. दोन्हीकडं एकच नाव.

"आईनं सगळं बंद केलं व्हतं, दिन्या," ती म्हणाली. एवढी वर्षं शहरात राहून बरीचशी गेलेली लासूरची बोली पुरती परत आली होती. "पण डॉक्टरनं सांगितलेलं ना, फिटची गोळी एक दिवस चुकवायची नाय. आई म्हणली, देवीचं देवीला, फिटचं फिटला. त्यांच्या तोंडात फोड, गिळता येईना. म्हणून मी गोळी कुस्करून ताकात घालायची. अण्णा मान फिरवायचे, नको नको करायचे. मी नाक धरून पाजायची..." मला ती वाटी आठवली. चमच्याचा आवाजही आठवला. "मला देताना डॉक्टरनं हीच लिहिली. नाव मला पाठ व्हतं, रोज पाकीट मीच फोडायची की. दुकानात उभ्या उभ्या कळलं मला, देवी नव्हती ती." "मग बोलली का नाहीस गं?" मी विचारलं. "कुणाला? आईला?" ती म्हणाली. आई तेव्हा जिवंत होती, अण्णांच्या नावानं दर वर्षी देवीची ओटी भरत होती. सुनीतानं टेबलावरची गोळी उचलून कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं डॉक्टरांकडं गेलो आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं, अण्णांपासून. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं झालं आलात. गोळी थांबवली, दुसरी चालू केली आणि रक्त तपासायला पाठवलं. अक्का म्हणाली, माझंही घ्या. मीही बाही वर केली. निकाल यायला बरेच दिवस लागले, त्या दिवसांत सुनीता पूर्वाच्या अंगावरचा प्रत्येक डास चावलेला ठिपका बघायची. मग बाईंनी समजावलं. आमच्या घराण्यात दोन वेगवेगळ्या खुणा रक्तातून चालत आल्या आहेत, एकमेकींशी त्यांचा काही संबंध नाही. पहिली खूण फिटची. ती असलेल्या माणसांना बऱ्याचदा फिटच्या आधी आवाज येतात. कुणाला भुंगा, कुणाला घंटा, कुणाला मशीन. दुसरी खूण अशी, की ती असताना ही ठरावीक गोळी अंगावर उलटू शकते. उलटेलच असं नाही, नसली म्हणजे अजिबात उलटणार नाही असंही नाही, पण कळल्यावर कुणी शहाणा माणूस ती गोळी देणार नाही. अण्णांच्या काळी ही तपासणीच नव्हती, कुणाला कळणार? पूर्वात दोन्ही खुणा निघाल्या. माझ्यातही दोन्ही. "तुमच्यात पहिली गप्प बसलीय," बाई म्हणाल्या. "काहींच्यात ती जन्मभर गप्प राहते. काहींच्यात उशिरा बोलते." मी त्या टप् टप् आवाजाचं विचारलं. तो पूर्वाच्या स्वतःच्या नाडीचा ठोका असू शकेल, त्या म्हणाल्या. असू शकेल. पण 'शिवलेल्याची गाठ' हे पोरीला कुणी सांगितलं, हे मी त्यांना विचारलं नाही.

राहिली अक्का. तिच्यात पहिली खूण होती आणि दुसरी नव्हती. अण्णांची गिरणी तिच्या रक्तात आली होती, अण्णांची कातडी आली नव्हती. बाई उत्साहानं म्हणाल्या, तुम्हाला ही गोळी चालेल, तुमच्यासारख्या घरांत ती बऱ्याचदा छान लागू पडते. अक्कानं विचारलं, "म्हणजे तेव्हाही चालली असती?" परत येताना तिनं क्रांती चौकात रिक्षा थांबवून खारे शेंगदाणे घेतले आणि घरापर्यंत शेंगदाणे हल्ली कसे खवट निघतात यावर बोलत राहिली.

पूर्वाला दुसरी गोळी लागू पडली. सहा महिने झाले, वर्ष झालं, आवाज नाही, फिट नाही. ती पुण्याला नोकरीला गेली. जाताना अक्कानं तिला शाळेतला तो छोटा ट्रान्झिस्टर दिला आणि रोज दुपारी चारला तिला फोन करायला लागली. प्रश्न एकच. "रेडिओ ऐकू येतोय का गं?" "येतोय, आत्या." "मग ठीक हाय." फोन बंद. अक्का स्वतः मात्र गोळी चालू करीना. पाकीट आणून ठेवलं होतं. आज घेते, उद्या घेते. दिवाळीच्या आधी मी मुद्दाम गेलो आणि खनपटीलाच बसलो. तेव्हा तिनं सांगितलं. "ती घेतली की गिरणी बंद पडंल, दिन्या. लई वर्षांची हाय रे ती. पट्ट्याचा आवाज आला की वाटतं, अण्णा आत हायेत. एकदा त्यांना मी बंद पाडलं. आता गिरणीबी मीच बंद करू व्हय?" मी संतापलो. वेडी आहेस, म्हणालो. मरशील अशानं, हेही म्हणालो. तिनं रेडिओचा आवाज थोडा वाढवला. निघताना जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "दिवाळी झाली की घेते. जा आता, सुनीता वाट बघत असंल." ती आमची शेवटची भेट. दिवाळीला बारा दिवस बाकी होते तेव्हा नसीमआपांचा फोन आला.

तेराव्यानंतर रेडिओ उचलला तर खाली ते पाकीट सापडलं. मागचा चंदेरी कागद कुठंही फाटलेला नव्हता. मी अक्कावर चिडलो. खरं सांगतो, अजून चिडलेलोच आहे. तेरा वर्षांच्या पोरीनं डॉक्टरनं सांगितलेलं ऐकलं, यात तिचा काय गुन्हा होता? आणि ज्या माणसाच्या नावानं तिनं स्वतःला ही शिक्षा दिली, त्या माणसानं तिला असं जगू दिलं असतं? पण भांडायला ती हवी ना समोर...

आता चारचा फोन पूर्वा करते. मला. आत्याच्या जागी बसून माझी परीक्षा घेते. "बाबा, रेडिओ ऐकू येतोय?" "येतोय, बाईसाहेब." अक्काचं घर रिकामं करायचं म्हणून मी आठवड्यातून दोनदा उस्मानपुऱ्यात जातो, काम थोडं करतो, बसतो जास्त. रेडिओ तिच्याच कोनाड्याखाली, तिच्याच बारीक आवाजात चालू ठेवतो. परवा दुपारी भिंतीतल्या फळ्यांचे स्क्रू काढत होतो. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. खाली कुणाची तरी मोटर लागली. दोन स्क्रू निघाले, मोटर थांबेना. मी गॅलरीत जाऊन बघितलं, मोटरीवर ऊन पडलं होतं आणि मांजर झोपलं होतं. नसीमआपांकडं मिक्सर असेल, म्हणून सवयीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवलं आणि मुठीला कान लावला. भिंत गप्प होती. कान काढला. घर्र... टप्. घर्र... टप्. नऊ वर्षांचा असताना पत्र्याला कान लावून जे ऐकायला गेलो होतो ते अगदी जवळ, माझ्या मानेमागं चालू होतं. रेडिओचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि रेडिओ मात्र गेला होता.

सिलिंडर केव्हाच परत दिला होता, तरी मी शेगडीचं बटण बंद असल्याचं बघितलं. चष्मा काढून कोनाड्यात ठेवला. तिची चटई अजून पलंगाखाली होती, ती ओढून कुशीवर पडलो. भीती वाटली, हे कबूल करतो. पण भीतीइतकंच आणखी काहीतरी वाटलं. पिठाचा वास आला आणि मला वाटलं, आता मान वळवली तर पांढऱ्या पापण्या दिसतील. अक्का ही गिरणी का बंद करेना, ते मला त्या क्षणी कळलं. तिच्यावरचा राग त्यानं कमी झाला नाही.

उठून बसलो तेव्हा गाणी संपली होती आणि रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कापसावरच्या किडीची माहिती चालली होती. मधलं काहीच मला आठवत नव्हतं. जीभ एका बाजूनं चावली गेली होती. फोन वाजत होता, पूर्वाचा, आणि त्याआधी तिनं चारदा केला होता. "बाबा, कुठं होतात? उचलत का नाही?" मग तो प्रश्न. "रेडिओ ऐकू येतोय ना?" सुनीताच्या माहेरच्यांना दिलं होतं ते उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. आमच्या घरात ते कायमच तयार असतं. मी कोनाड्याकडं बघितलं. माझा चष्मा तिथं, तिचा असायचा तसाच, काड्या मिटून ठेवलेला होता.

"मधेच गेला होता गं," मी म्हणालो. "आता येतोय. तुझ्या डॉक्टरबाईंची वेळ घे, आणि त्यांना सांग, मला गोळी द्यायचीय, अण्णांची सोडून."

"घेते, बाबा," ती म्हणाली. तिच्या मागं, पुण्यात, अक्काचा ट्रान्झिस्टर बारीक आवाजात चालू होता. तोही मला ऐकू आला.